भाड्याच्या खोलीचा फ्लॅट कसा होतो? लालबाग-परळचा बदल, सोप्या भाषेत

माझी भाची डोंबिवलीत वाढलेली. मागच्या गणपतीत तिला लालबाग-परळ दाखवायला नेलं, तर भारतमाताच्या सिग्नलला उभं राहून वर टॉवरकडे बघत तिने विचारलं, "मावशी, तुमच्या खोल्या तर भाड्याच्या होत्या ना, मग भाडेकरूंना फुकटात फ्लॅट कसे काय मिळाले? आणि मिळाले तर मग आपण सगळे डोंबिवली-बदलापूरला का राहतो?"

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर दोन वाक्यात मावणारं नाही. आमच्याकडे जुनी माणसं भेटली की "काळ बदलला" एवढंच म्हणतात आणि विषय संपतो, पण मला ते अजिबात पटत नाही, कारण लालबागमध्ये जे काही बदललंय त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे एक तारीख आहे, एक कायदा आहे, कोणीतरी कुठेतरी सही केलेली आहे. ते एकदा समजलं की त्या रस्त्यावरून चालताना प्रत्येक बिल्डिंग का तशी दिसते हे कळायला लागतं. तर ज्यांचे आजी-आजोबा तिथे राहिलेत पण ज्यांना एफएसआय, पागडी, सेस हे शब्द फक्त कानावरून गेलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुरुवात गिरण्यांपासून करावी लागेल. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली, नंतर पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्याच गिरण्या झाल्या आणि ह्या पट्ट्याला गिरणगाव नाव पडलं. कामगार आले कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यातून. एवढ्या माणसांना राहायला जागा पाहिजे म्हणून चाळी बांधल्या, काही गिरणी मालकांनी, बऱ्याचशा खासगी घरमालकांनी भाडं कमवायला, आणि १९२० नंतर सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, ज्यांना आपण बीडीडी चाळी म्हणतो. खोली साधारण दहा बाय बाराची, समोर कॉमन गॅलरी, टोकाला संडास, पाण्याचा नळ ठरलेल्या वेळेला.

ह्या खोल्यांमध्ये सुरुवातीला कुटुंबं कमी आणि पुरुषच जास्त होते. एका गावाचे लोक मिळून एक खोली घ्यायचे, ग्रामस्थ मंडळाची खोली, आणि त्यात दहा-पंधरा जण राहायचे ते कसे मावायचे असं वाटेल तर उत्तर आहे पाळी. गिरणी तीन पाळ्यांमध्ये चालायची त्यामुळे रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन झोपायचा तेव्हा दिवसपाळीवाला कामावर असायचा. ट्रंका भिंतीला एकावर एक लावलेल्या, वर दोरीवर कपडे, गावच्या देवाचा फोटो. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे शेजारच्या खोलीतली एखादी बाई, तिचा नवरा बहुतेक गिरणीतच, ती दहा-वीस जणांचं जेवण महिन्याच्या हिशोबाने करायची आणि पगार झाला की पैसे मिळायचे. तोपर्यंत वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज तिनेच सांभाळायचं. ह्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणगावचा इतिहास सांगताना संप आणि पुढारी सगळ्यांना आठवतात, पण अडीच लाख कामगारांमधल्या कितीतरी जणांच्या पोटात रोज जे जात होतं ते ह्या बायकांच्या स्टोव्हवरून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता भाचीच्या पहिल्या प्रश्नाकडे. भाडेकरूला घर मिळतं कसं.

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर फाळणीच्या वेळी मुंबईत माणसं खूप वाढली, घरं नव्हती, मालक मनाला येईल ते भाडं लावायचे. म्हणून १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या खोल्यांचं भाडं सप्टेंबर १९४० मध्ये जे होतं तिथेच बांधून टाकलं. तेव्हाच्या परिस्थितीत ते योग्यच होतं, गरीब माणूस रस्त्यावर आला नाही. पण ही तात्पुरती सोय पुढे पन्नास वर्षं तशीच राहिली. बाहेर सगळं महाग होतंय, सिमेंट महाग, मजुरी महाग, आणि खोलीचं भाडं मात्र महिन्याला पन्नास-साठ रुपये. मालकाने विचार केला मी दुरुस्ती का करू, आणि हळूहळू त्याने बिल्डिंगकडे बघणंच सोडलं. १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के भाडं वाढवायची मुभा दिली, पण ५० रुपयांचे ४ टक्के म्हणजे २ रुपये, त्यात एक वीटसुद्धा बसत नाही.

ह्याच भाडे कायद्यातून पागडी मोठी झाली. भाडं एवढं कमी आणि भाडेकरूला काढता येत नाही, म्हणजे ती खोली ताब्यात असणं हीच मोठी किंमत झाली. मग खोली सोडणारा माणूस येणाऱ्याकडून रक्कम घ्यायचा आणि मालक नवीन माणसाच्या नावाने पावती फाडायला त्यातला वाटा घ्यायचा, रिवाज साधारण एक तृतीयांशाचा. कित्येक वर्षं हे सगळं रोख आणि कागदाबाहेर चालायचं कारण कायद्याने ते गुन्हाच होतं, १९९९ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली. त्यामुळे पागडीचा भाडेकरू हा आजच्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवाल्या भाडेकरूसारखा नसतो. त्याने बाजारभावाच्या जवळपास पैसे भरलेले असतात, त्याचा हक्क पुढच्या पिढीला जातो, आणि कोर्टात गेल्याशिवाय मालक त्याला हात लावू शकत नाही. मालकाकडे जमिनीचा कागद आणि भाडेकरूकडे खोलीचा ताबा, दोघांनाही एकमेकांशिवाय काहीच करता येत नाही. लालबाग-परळच्या सगळ्या रीडेव्हलपमेंटची सुरुवात ह्या अडकलेल्या गाठीतून होते.

मग बिल्डिंगी पडायला लागल्या. दर पावसाळ्यात कुठेतरी जिना कोसळला, गॅलरी कोसळली. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि जुन्या बिल्डिंगवर एक कर लावला, सेस, त्या पैशातून मंडळाने दुरुस्ती करायची. म्हणून ह्यांना सेस बिल्डिंग किंवा उपकरप्राप्त इमारत म्हणतात. सुरुवातीला शहर भागात अशा १९,६४२ इमारती होत्या आणि त्यातल्या १६ हजारांहून जास्त १९४० च्या आधीच्या. पुढे हे मंडळ म्हाडाकडे, म्हणजे सरकारच्या घरं बांधणाऱ्या संस्थेकडे गेलं. पण सेसचे पैसे एवढ्या इमारतींना पुरणार कसे, त्यामुळे लाकडी तुळईला खालून टेकू लावायचा, गिलावा करायचा आणि पुढच्या पावसाळ्याची वाट बघायची असं चालू राहिलं. आमच्या चाळीच्या जिन्याखाली दोन टेकू होते, सागवानी तुळई मधोमध वाकलेली आणि तिच्याखाली नवीन पिवळसर खांब, त्यावर मंडळाचा नंबर रंगवलेला. आम्ही लहानपणी लपाछपीत त्यांच्यावर राज्य घ्यायचो आणि आम्हाला वाटायचं ते तिथे कायमचेच असतात. तात्पुरते लावलेले टेकू आमचं सगळं बालपण तिथे होते.

आता मधे गिरणीकडे परत जायला लागेल कारण जमिनीचा खरा खेळ तिथे झाला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, साठेक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. मागण्या काय होत्या तर पगारवाढ, बदली कामगारांना कायम करा, आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा कारण त्या कायद्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच एक मान्यताप्राप्त युनियन होती, कामगार कुणाहीबरोबर असले तरी बोलणी फक्त तिच्याशीच व्हायची. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर तुला काम, नाहीतर घरी. वर्षानुवर्षं असं काढलेली माणसं होती. माझे मामा साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्यांनी गेटवर अशीच बरीच वर्षं काढली होती आणि कायम झाल्यावर थोड्याच दिवसांत संप आला.

संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. बायकांनी मंगळसूत्रं विकली, घराघरातून मुलांची शाळा सुटली, बरेच जण गावाला गेले ते परत आलेच नाहीत. आणि त्यानंतर एक वाक्य सगळीकडे पसरलं की "संपाने गिरण्या बुडाल्या". हे अर्धंच खरं आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पॉवरलूमवर स्वस्त कापड निघायला लागलं होतं, इथल्या बऱ्याच गिरण्यांच्या मशिनरी जुनाट होत्या आणि मालक त्यात पैसा घालायला तयार नव्हते. आणि तोपर्यंत एक हिशोब सगळ्यांना दिसायला लागला होता, की कापड विणून जेवढा पैसा मिळेल त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त नुसत्या जमिनीत आहे. गिरण्यांकडे मिळून साधारण ६०० एकर जमीन होती, तीसुद्धा मुंबईच्या मधोमध.

त्या ६०० एकरांचं काय करायचं ह्याचा नियम १९९१ मध्ये आला, विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८. ढोबळमानाने तो असा होता: गिरणी पाडून जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मैदान-बागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सामान्य माणसांच्या घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. कागदावर हा नियम खूप चांगला होता. पण त्यात एक वाट होती, शेड न पाडता आतल्या आत वापर बदलला तर वाटा द्यायची गरज नव्हती. त्यामुळे बरेच मालक शेड पाडेचनात, त्या तशाच ठेवून आत ऑफिसं, स्टुडिओ, दुकानं सुरू झाली. लोअर परळला आजही काही कंपाउंडमध्ये वर बघितलंत तर गिरणीचं करवती दातांसारखं छप्पर दिसतं आणि खाली एसी ऑफिस असतं, ते ह्याच्यामुळे.

मग २००१ मध्ये नियम बदलला. आता वाटे करायचे ते फक्त गिरणीतल्या आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. हा एक शब्दाचा बदल किती मोठा आहे ते उदाहरणाने बघा. समजा एका गिरणीची जमीन ३० एकर आहे, त्यातल्या २५ एकरांवर शेड आहेत आणि ५ एकर मोकळे. जुन्या नियमाने शेड पाडल्या तर शहराला बागेसाठी १०, घरांसाठी १० एकर आले असते. नव्या नियमाने त्या ५ एकरांचेच तुकडे होणार, उरलेले २५ एकर सगळे मालकाचे. ह्याच्याविरुद्ध लोक कोर्टात गेले, २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने २००१ चा नियम कायम ठेवला. लालबाग ते वरळी एवढ्या पट्ट्यात एवढे टॉवर आणि मॉल आहेत आणि मुलांना खेळायला धड मोठं मैदान मिळत नाही ह्याचं कारण विचाराल तर मी ह्याच बदलाकडे बोट दाखवेन. मुंबईला अशी संधी एकदाच मिळाली होती, सलग मोकळी होऊ शकणारी जमीन परत कुठून येणार.

कामगारांच्या घरांचंही त्यातच अडलं. म्हाडाला जेवढी जमीन मिळाली तेवढ्यावरच घरं होणार, २०१२ मध्ये पहिली मोठी लॉटरी निघाली ती ६,९२५ घरांची, २२५ चौरस फुटांची, आणि अर्ज होते जवळपास दीड लाख. २०२० ला आणखी ३,८९४ घरांची सोडत झाली. बाकीच्यांना आता शेलू-वांगणीकडची घरं दाखवली जातात, म्हणजे बदलापूरच्याही पुढे. ज्यांनी परळला आयुष्य काढलं त्या माणसांच्या मुलांचं म्हणणं साधं आहे, जमीन इथे होती तर घर इथे द्या. मला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

ह्या सगळ्यात चाळींचं काय झालं ते आता सांगते कारण बहुतेकांना इथेच गोंधळ होतो. गिरण्यांना नियम ५८, चाळींना नियम ३३(७). हे दोन वेगळे आहेत. गिरणीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये जुना माणूस सहसा नसतो, चाळीच्या जागी झालेल्या टॉवरच्या बाजूला मात्र एक थोडी बुटकी, गॅलरीत कपडे वाळत घातलेली बिल्डिंग असते, त्यात जुनी माणसं असतात.

३३(७) समजायला आधी एफएसआय. प्लॉट १,००० चौरस मीटरचा आणि एफएसआय ३ असेल तर सगळे मजले मिळून ३,००० चौरस मीटर बांधता येतं. बस एवढंच. आता समजा त्या प्लॉटवर ६० खोल्यांची सेस चाळ आहे. नियम म्हणतो प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं, म्हणजे भिंतींच्या आत वापरायला मिळणाऱ्या जागेचं, घर द्या, फुकट आणि मालकीचं. भिंती, पॅसेज धरून ६० घरांना साधारण २,१०० चौरस मीटर बांधकाम लागेल. हे बिल्डरने स्वतःच्या खर्चाने करायचं, आणि त्याच्या बदल्यात सरकार त्याला जादा बांधकाम देतं, एकच प्लॉट असेल तर भाडेकरूंच्या घरांना लागलेल्या बांधकामाच्या ५० टक्के, म्हणजे इथे १,०५० चौरस मीटर. दोन्ही मिळून ३,१५०. एफएसआय ३ किंवा हे गणित, ज्यात जास्त मिळेल ते. ते १,०५० मीटर बिल्डर बाजारात विकतो आणि त्यातून साठ घरांचा खर्च, भाडेकरूंचं मधल्या काळातलं भाडं, मालकाचे पैसे, महापालिकेचे शुल्क आणि स्वतःचा नफा सगळं काढतो.

म्हणजे "फुकट घर" कोणी दिलं? सरकारच्या तिजोरीतून एक रुपया गेला नाही. पैसे दिले शेजारच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेणाऱ्याने, आणि ते बांधकाम सरकारने हवेतून, म्हणजे जादा एफएसआयमधून दिलं. ह्याच गणितामुळे विक्रीचे फ्लॅट एवढे महाग असतात, थोड्याशा जागेत सगळ्यांचा खर्च वसूल करायचा असतो. आणि ह्याच गणितामुळे बिल्डरला एकटी चाळ नको असते, दोन ते पाच प्लॉट एकत्र केले तर हे जादा बांधकाम ६० टक्के आणि सहा किंवा जास्त असतील तर ७० टक्के. म्हणून तुम्हाला दिसेल की आख्ख्या गल्लीतल्या सगळ्या चाळी एकदम रिकाम्या होतात आणि मधे एक चाळ राहिली असेल तर तिच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता ५१ टक्के.

कागदावर हे गणित सगळ्यांच्या फायद्याचं आहे आणि बऱ्याच ठिकाणी लोकांना खरंच चांगली घरं मिळाली. घरात संडास, ही गोष्ट ज्यांनी रांगेत डबा घेऊन उभं राहून काढलंय त्यांनाच कळते, चाळीचं कितीही कौतुक केलं तरी म्हाताऱ्या बाईला रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकापर्यंत जावं लागायचं हे विसरून चालणार नाही. माझी धाकटी मावशी अजून तिथेच आहे, रिहॅब बिल्डिंगच्या, म्हणजे जुन्या भाडेकरूंसाठी बांधलेल्या बिल्डिंगच्या, अकराव्या मजल्यावर. तिला विचारलं चाळीची आठवण येते का, तर म्हणाली, "अगं, माणसांची येते, संडासाची नाही."

पण प्रकल्प मधेच अडकला की हाल सुरू होतात. आमच्या बाजूच्या चाळीतले लोक खोल्या रिकाम्या करून गेले, पहिली काही वर्षं बिल्डरकडून भाडं आलं, मग चेक परत यायला लागले, मग आलेच नाहीत. चाळ पाडलेली, खड्डा खणलेला, त्यात पावसाचं पाणी. काही म्हातारी माणसं भाड्याच्याच घरात वारली. अशा अडकलेल्या प्रकल्पांसाठी म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली, २०२२ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, तिच्यातल्या कलम ९१-अ प्रमाणे रखडलेला प्रकल्प म्हाडा ताब्यात घेऊ शकते. अशा चाळीत तुमचं कोणी असेल तर हे कलम लक्षात ठेवा, बऱ्याच लोकांना ते माहीतच नसतं.

आता दुसरा प्रश्न, मिळालं तर गेले का.

लोक म्हणतात मराठी माणसाने पैशासाठी घर विकलं. मला हे ऐकून राग येतो कारण ह्यात घराघरातला हिशोब कोणी बघतच नाही. एका खोलीत आजोबा होते, त्यांना तीन मुलगे, एक मुलगी. मुलांची लग्नं झाली, एक पोटमाळ्यावर, एक आत, एक डोंबिवलीला भाड्याने गेला. रीडेव्हलपमेंट झाल्यावर मिळतो एकच फ्लॅट, तीनशे-चारशे चौरस फुटांचा, आणि हक्क सांगणारे चार. फ्लॅट कापून वाटता येत नाही. विकला तर प्रत्येकाच्या हातात जी रक्कम येते तिच्यात लालबागला काही मिळत नाही, डोंबिवली, बदलापूर, विरारला वन-बीएचके मिळतो. म्हणजे एका दहा बाय बारामधून चार घरं झाली, पण चारही लांब. आमच्या घरात हेच झालं, आणि भाचीचं डोंबिवलीचं घर असंच उभं राहिलंय.

दुसरं कारण मेंटेनन्स. चाळीत महिन्याला शंभर रुपयांच्या आत भाडं होतं. टॉवरमध्ये लिफ्ट आली, पंप आले, आग विझवायची यंत्रणा आली, वॉचमन आला, महिन्याचे तीन-चार हजार सहज. ह्यासाठी बिल्डरने कॉर्पस फंड द्यायचा असतो, त्याच्या व्याजावर मेंटेनन्स निघावा ही कल्पना. पण समजा घरामागे ३ लाख कॉर्पस आहे आणि व्याज ७ टक्के, तर वर्षाला २१ हजार, महिन्याला पावणेदोन हजार. अर्धं भागतं. बाकीचे ज्या घरात पेन्शन नाही, मुलगा कॉन्ट्रॅक्टवर, तिथे दर महिन्याला जड जातात, आणि काही वर्षांनी फ्लॅट भाड्याने देऊन लोक स्वतः लांब राहायला जातात. बऱ्याच ठिकाणी तर कॉर्पसची रक्कम सभासदांना वाटून टाकली, तेव्हा हातात पैसे आले म्हणून सगळे खूश झाले आणि नंतर लिफ्ट बंद पडल्यावर कळलं.

एवढं होऊनही लालबागचा बाजार अजून टिकून आहे आणि त्याचंही कारण त्या जुन्या भाडे कायद्यातच आहे. चिवडा गल्लीतली दुकानं, मसाला गल्ली, सुक्या मिरचीचे ढीग, हे बहुतेक पागडीच्या गाळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर अजून बायका लांबून पिशव्या घेऊन येतात, ब्याडगी किती, संकेश्वरी किती, काश्मिरी रंगापुरती, धणे, दगडफूल, सगळं वजन करून घ्यायचं, भाजून घ्यायचं आणि तिथेच कुटून घ्यायचं, आख्ख्या गल्लीत ठसका लागतो. नव्या भाड्याने गाळा घेतला असता तर मिरचीच्या नफ्यात हे चाललंच नसतं. मुंबईत ज्या जुन्या बाजारांना आपण परंपरा म्हणतो त्यातले बरेच कमी भाड्यावर जगलेत, हे मान्य करायला हवं. लालबागच्या राजाची गोष्टसुद्धा जागेचीच आहे. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला, उघड्यावर बसलेल्या कोळणींनी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. आज तो नवसाचा म्हणून देशभर प्रसिद्ध आहे, पण पहिला नवस मासळी विकायच्या जागेसाठी होता.

रस्ते आणि स्टेशनं मात्र तशीच राहिली, हे सगळ्यात वाईट झालं. गिरणीच्या जागी ऑफिसं आली, रोज लाखो माणसं लोअर परळ, परळ, एल्फिन्स्टनला उतरायला लागली आणि पूल जुन्या काळच्या गर्दीच्या मापाचे. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराने नवीन पूल बांधून दिला, स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. बांधकामाची परवानगी देताना त्यात किती माणसं येणार हे कागदावर आकडे मांडून सांगता येत होतं. ते कोणी मांडलं असतं तर पूल आधी झाला असता.

सध्या सगळ्यांचं लक्ष बीडीडी चाळींकडे आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, खोली १६० चौरस फुटांची. जमीन सरकारी असल्याने मालक-भाडेकरू भांडण नाही, शिवडी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर म्हणून ती मागे राहिली, बाकी तीन ठिकाणी म्हाडा स्वतः बांधतेय आणि घर ५०० चौरस फुटांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. खासगी चाळीत ३०० आणि इथे ५०० का, असं लोक विचारतात, तर प्लॉट मोठे, सलग आणि जमिनीची किंमत द्यायची नाही, त्यामुळे तेच गणित जास्त सैल बसतं. मेंटेनन्सचा प्रश्न तिथेही येणारच आहे, फक्त काही वर्षांनी.

ज्यांच्या चाळीची बोलणी चालू आहेत त्यांनी वर्तमानपत्रातले टॉवरचे फोटो बघण्याआधी घरातली भाडेपावती काढून बघा. ती कोणाच्या नावावर आहे? बहुतेक घरात आजोबांच्या नावावर असते आणि कोणी बदलून घेतलेली नसते. कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला की त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो, आणि एकापेक्षा जास्त असतील आणि त्यांचं जमत नसेल तर कोर्ट ठरवतं. म्हणजे वीस वर्षांपूर्वी बाहेर राहायला गेलेल्या भावाचा हक्क आपोआप धरला जात नाही, हे त्यालाही माहीत नसतं आणि राहणाऱ्यालाही सांगायला जड जातं. घर मिळायच्या आधी, सगळे एका ताटात जेवतायत तोवर, बसून लिहून घ्या. मग बिल्डरचा करार रजिस्टर आहे का, त्यात कार्पेट एरिया आकड्यात लिहिलाय का, मधल्या काळाचं भाडं किती आणि दरवर्षी किती वाढणार, ते थांबलं तर काय, कॉर्पस कधी आणि कोणाच्या खात्यात. आणि जुनी लाइट बिलं, रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा एका फाइलमध्ये लावून ठेवा, पात्रता ठरवताना पहिल्यांदा तेच मागतात.